पुरूची सही

(दृश्य: हरिपूर. कृष्णा आणि वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ.)

गोविंद बल्लाळ देवल या हरिपूरचे. त्यांचं 'शारदा' नाटक १८९९ साली रंगभूमीवर आलं. पाऊणशे वर्षांचा श्रीमंत भुजंगनाथ पुन्हा बोहल्यावर चढायला निघतो. कोवळ्या शारदेचा बाप पैसे घेऊन तिला द्यायला तयार होतो. शारदेला मात्र कुणी काही विचारत नाही.

त्या वेळी इथून जवळच, सांगलीत, वि. स. खांडेकर जेमतेम रांगते झाले असतील. त्यांचा जन्म १८९८ चा, सांगलीतलाच. पुढं १९५९ मध्ये त्यांची 'ययाति' आली आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मराठीत आला.

ययातीची महाभारतातली मूळ गोष्ट आपल्याला पाठ आहे. शुक्राचार्यांचा शाप, अवेळी अंगावर आलेलं म्हातारपण, आणि मग राजानं आपल्याच मुलांपुढं पसरलेला हात. यदू नाही म्हणतो. तुर्वसू, द्रुह्यू, अनूही नाही म्हणतात. धाकटा पुरू हो म्हणतो. त्या कथेत ययाति मुलाचं तारुण्य हजार वर्षं भोगतो.

एकाच नदीच्या पाण्यावर वाढलेल्या दोन लेखकांनी एकच माणूस दोनदा लिहिला: ज्याला म्हातारं व्हायचं नाही, आणि ज्याच्या हट्टाची किंमत कुणीतरी तरुण जीव भरतो. शारदेला विचारलंच नाही, पुरूला विचारलं. पण विचारणारा बाप होता आणि राजा होता. अशा माणसापुढं 'हो' म्हणणाऱ्या मुलाचं 'हो' किती त्याचं स्वतःचं? या एका प्रश्नापायी मी कादंबरी लिहायला घेतली. ती विज्ञानकादंबरी आहे, आणि तिच्यातल्या विज्ञानाची मुळं आजच्या प्रयोगशाळांमध्ये आहेत.

(दृश्य: तासगाव तालुका. द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड, रॅकवर वाळत घातलेले मणी.)

कादंबरीचं साल २१५५. आबांचं वय दीडशे. जन्म २००५ चा, महापुराच्या वर्षातला. चार एकर बाग, शेड, विहीर, सगळं अजून त्यांच्या नावावर. मुलगा गेला, नातू गेला. पणतू साठीला आलाय. एका संध्याकाळी शेडच्या दारात तो धीर करून विचारतो.

"आबा, सातबाऱ्यावर आमचं नाव कवा लागायचं वो?"

"लागंल की. गडबड काय हाय तुला?"

हा संवाद लिहिताना मला आबांचा राग आला नाही. ते दुष्ट नाहीत. पहाटे उठून बागेत जातात, फवारणीचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ आहे, डाऊनी रोग पानावर दिसायच्या आधी त्यांना वासानं कळतो. फक्त ते जात नाहीत. आणि आपल्याकडं वारसनोंदीचा फेरफार माणूस गेल्यावरच पडतो. शेतीची सगळी व्यवस्था, कर्जापासून सोसायटीच्या सभासदत्वापर्यंत, म्हातारा कधीतरी जाणार हे गृहीत धरून उभी आहे. मरण लांबलं की आधी अडतो तो तलाठ्याच्या दप्तरातला कागद.

आयुष्य लांबणं आपल्याला नवं नाही, हेही सांगितलं पाहिजे. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतातलं सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षं होतं. आज ते सत्तरच्या आसपास आहे. देवीची लस, स्वच्छ पाणी, प्रतिजैविकं, सुरक्षित बाळंतपण यांनी हे केलं, आणि त्यासाठी कुणाचं तारुण्य काढून घ्यावं लागलं नाही. मानवी आयुर्मानाची ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं.

पुढची गोष्ट वेगळी आहे. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेत साधारण चाळीस ते साठ वेळा विभागतात आणि थांबतात. म्हणजे म्हातारपण पेशीपर्यंत जाऊन बसलेलं आहे. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी चार जनुकांच्या जोरावर उंदराच्या प्रौढ पेशींना भ्रूणातल्या पेशींसारखं करून दाखवलं. त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं. इस्टर बेटावरच्या मातीत सापडलेलं रॅपामायसिन हे औषध २००९ मध्ये ६०० दिवसांच्या, म्हणजे आपल्या हिशेबात साठीच्या उंदरांना दिलं, आणि ते जास्त जगले. हे औषध शोधणाऱ्यांत एक भारतीय होते, सुरेंद्रनाथ सेहगल. कंपनीनं काम बंद केलं तेव्हा त्यांनी हे औषध तयार करणारे मातीतले जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले होते. त्यांच्यावर खरं तर वेगळी फिल्म व्हायला हवी.

पण माझ्या कादंबरीचा कणा आहे २००५ मधला एक प्रयोग. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एक म्हातारा आणि एक तरुण उंदीर शस्त्रक्रियेनं एकमेकांना जोडला, दोघांचं रक्त एक केलं. म्हाताऱ्या उंदराचे स्नायू पुन्हा तरुणासारखे भरून यायला लागले. अशा जोड्यांमध्ये तरुण उंदराच्या पेशींवर उलटा परिणाम दिसतो, त्यांची दुरुस्तीची ताकद घटते.

मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. ययाति आणि पुरू पिंजऱ्यात बसले होते.

पुढं काही ठिकाणी तरुणांच्या रक्तातला प्लाझ्मा पैसे घेऊन टोचण्याचा धंदा सुरू झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला की याचा सिद्ध झालेला उपयोग नाही आणि धोका आहे. कादंबरीत मी पुढचं पाऊल कल्पनेनं टाकलं आहे: उपचार खरोखर चालतो, पण रक्त जवळच्या नात्यातलंच लागतं. आबांच्या खापरपणतूचं वय चोवीस आहे.

(दृश्य: सांगली, आयर्विन पूल. खांबावरच्या पाणीपातळीच्या खुणा.)

आता मनाकडं येऊ. १९२९ पासून उभा असलेला हा पूल आख्ख्या सांगलीची पूरपट्टी आहे. इथं ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कादंबरीत त्या वेळी आबा चौदा वर्षांचे होते, आणि त्या पुरात त्यांची धाकटी बहीण गेली.

आठवण मेंदूत दगडावर कोरल्यासारखी पक्की असते, असं पूर्वी मानलं जायचं. २००० मध्ये करीम नादर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की आठवण जागी केली की ती काही काळ कच्ची होते, पुन्हा पक्की व्हावी लागते, आणि त्या वेळी अडथळा आणला तर ती दुबळी पडते. २०१३ मध्ये सुसुमू तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेनं त्याहून पुढची गोष्ट केली. प्रकाशाच्या झोतानं उंदराच्या मेंदूतल्या निवडक पेशी चेतवल्या, आणि ज्या पिंजऱ्यात उंदराला कधीच शॉक बसला नव्हता त्या पिंजऱ्याला तो भ्यायला लागला. खोटी आठवण तयार झाली.

आबा नव्वदीत बहिणीची आठवण बोथट करून घेतात. इतकं लांब जगायचं तर दुःख हलकं करावंच लागेल, असं त्यांना सांगितलं जातं, आणि मला ते पटतं. दीडशे वर्षं एक किंकाळी कानात घेऊन कुणी जगू नये. पण त्या आठवणीबरोबर आणखी एक गोष्ट गेली. पूररेषेच्या आत, नदीकाठच्या मळीत पुन्हा घर का बांधायचं नाही, हे त्या घरात फक्त त्यांना ठाऊक होतं. लाल पूररेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची रेषा. दीडशे वर्षं जगणाऱ्या माणसाच्या वाट्याला तो पूर बहुधा येतोच. आबा घर बांधतात, आणि पोरं-सुना तिथं राहायला जातात.

हे झालं आबांचं स्वतःचं विसरणं. कादंबरीतलं अधिक भयंकर तंत्र त्या चोवीस वर्षांच्या पोरासाठी आहे.

पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या रुग्णांना मेंदूतल्या डोपामाइन या रसायनासारखं काम करणारी काही औषधं देतात. त्यातल्या काहींना जुगाराची किंवा खरेदीची अनावर ओढ लागते, जन्मात कधी पत्त्याला हात न लावलेल्या माणसालाही. औषध कमी केलं की बहुतेकदा ओढ ओसरते. मला यातला एक बारकावा सोडवत नाही: ती ओढ माणसाला बाहेरून आल्यासारखी वाटत नाही. ती त्याची स्वतःचीच इच्छा वाटते.

कादंबरीत रक्त देणाऱ्याच्या कानामागं एक चकती बसवतात. भीती कमी व्हावी म्हणून, असं सांगतात. भीती खरंच कमी होते. त्याबरोबर देण्याचा आनंदही वाढतो, थोडा थोडा, दर आठवड्याला. पोरगा हसतमुखानं येतो, आबांच्या पाया पडतो, खाटेवर आडवा होतो. त्याचे गुडघे पंचविशीतच दुखायला लागलेत.

(दृश्य: मिरज. दवाखान्यांच्या पाट्या, रुग्णांची गर्दी.)

मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारलं आणि हे गाव डॉक्टरांचं झालं. दूरदूरच्या गावांतून माणसं इथं येतात. म्हणून कादंबरीतली संमती समिती मी मिरजेत बसवली. तिचा आधारही खरा आहे. आपल्याकडं १९९४ पासून मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आहे. २०११ च्या दुरुस्तीनं आजी-आजोबा आणि नातवंडं जवळच्या नातेवाइकांत आली. नातं कागदोपत्री सिद्ध करावं लागतं, देणारा राजीखुशीनं देतोय का हे पाहावं लागतं. आणि मेंदूच्या बाजूनं चिली या देशानं २०२१ मध्ये थेट राज्यघटनेत दुरुस्ती केली, मेंदूतल्या हालचालींना आणि तिथून मिळणाऱ्या माहितीला संरक्षण देण्यासाठी. अशी तरतूद आपल्याकडं यावी आणि लवकर यावी, असं मला वाटतं.

समितीवरची डॉक्टर तरुण आहे. ती आग्रह धरते: चकती काढा, नव्वद दिवस जाऊ द्या, मग याला पुन्हा विचारू. आबांचा वकील विरोध करतो, पण ती ऐकत नाही.

नव्वद दिवसांनी पोरगा येतो. चकती नाही, आनंदही नाही, चेहरा ओढलेला. डॉक्टर विचारते. तो म्हणतो, "देतो की. आबा हायत ते आमचे."

हे वाक्य लिहून मी बरेच दिवस पुढं जाऊ शकले नाही. इथं यंत्राचा दोष उरला नव्हता. हे प्रेम खरं होतं, किंवा चार पिढ्यांच्या धाकानं प्रेमासारखं दिसायला लागलेलं काहीतरी होतं. नव्वद काय, नऊशे दिवस थांबूनही डॉक्टरला ते वेगळं करता आलं नसतं. व्यासांच्या पुरूलाही हेच लागू आहे.

मग डॉक्टर अर्ज पुन्हा पहिल्या पानापासून वाचते. देणाऱ्याला किती प्रश्न! कुणाचा दबाव आहे का, पैसे मिळाले का, परिणाम समजले का, मागं फिरायचं आहे का. प्रत्येक पानाखाली त्याची सही. घेणाऱ्याच्या रकान्यात नाव, वय, रक्तगट, बस.

ती शिपायाला सांगते, "याला चहा द्या, आणि बाहेर बसलेल्या आबांना आत घेऊन या. मला त्यांना विचारायचंय."