नवा लेख राहू द्या, आधी सर्च कन्सोल उघडा

(कॅमेऱ्यासमोर, शेजारी लॅपटॉप उघडा)

वेबसाइटवर कुणी येत नाही म्हटलं की आपण काय करतो? अजून एक लेख लिहितो. तो चालला नाही की अजून एक. मी बराच काळ हेच केलंय, म्हणून आज उलटं सांगतो. पुढचे पंधरा दिवस नवीन काही लिहू नका. जे लिहून ठेवलंय त्याची डागडुजी करू.

त्यासाठी एकच साधन लागतं, गूगल सर्च कन्सोल. तुमची साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते त्यात कळतं. फुकट आहे. ज्यांनी अजून आपल्या साइटला जोडलेलं नाही त्यांनी व्हिडिओ इथेच थांबवा, जोडा आणि मग या. खरंच सांगतोय, कारण पुढचं सगळं त्यातच बघायचंय. तिथे फक्त मागच्या 16 महिन्यांचे आकडे मिळतात, तेव्हा जुने हवे असतील तर अधूनमधून उतरवून ठेवत जा.

आता पहिला प्रश्न, तोही अगदी बावळट वाटेल असा. तुमचं पान गूगलच्या इंडेक्समध्ये, म्हणजे शोधात दाखवायच्या पानांच्या साठ्यात, आहे का? वरच्या पट्टीत पानाचा पत्ता टाका, एंटर दाबा, उत्तर समोर येतं.

(हसत) बावळट प्रश्न म्हणालो, पण त्यात मीच अडकलो होतो. साइटचं रूप बदलत होतो, वर्डप्रेसमध्ये. सेटिंग्जच्या ‘रीडिंग’ पानावर एक चौकोन असतो, सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये असं सांगणारा. काम अर्धवट होतं म्हणून तिथे टिक केली. नवी साइट सुरू केली आणि टिक तशीच राहिली. तीन आठवडे! पानं एकेक करून गळत होती आणि मी काय करत होतो? शीर्षकातले कीवर्ड बदलत होतो.

याचंच भावंड म्हणजे रोबोट्स डॉट टीएक्सटी, कुठली पानं वाचू नयेत हे सर्च इंजिनांना सांगणारी साइटवरची फाइल. पुष्कळांना वाटतं की तिथे पान अडवलं की ते गूगलमधून जातं. तसं नाही. ती फाइल फक्त ‘आत येऊन वाचू नका’ एवढंच सांगते. बाहेरून कुणी त्या पानाला लिंक दिली असेल, तर नुसता पत्ता निकालात दिसू शकतो. पान खरंच काढायचं असेल तर पानावर नोइंडेक्स, म्हणजे ‘हे इंडेक्स करू नका’ अशी खूण, लावायचं आणि रोबोट्समध्ये ते मोकळं ठेवायचं. दोन्ही एकदम केलंत तर दाराला कुलूप लावून निरोपाची चिठ्ठी आत टेबलावर ठेवल्यासारखं होतं. वाचणार कोण? आणि हो, नोइंडेक्स रोबोट्स फाइलमध्येच लिहायचा सल्ला अजून फिरत असतो. गूगलने ते वाचणं 1 सप्टेंबर 2019 पासून बंद केलंय.

चला, आता मुद्द्याचं.

(स्क्रीनवर: परफॉर्मन्स रिपोर्ट)

वर चार चौकोन दिसतायत: क्लिक, इम्प्रेशन (पान निकालात किती वेळा दिसलं), सीटीआर (त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं), सरासरी पोझिशन (निकालातला क्रमांक). चारही चालू करा. खाली क्वेरींची यादी येते, म्हणजे लोकांनी खरोखर काय टाइप केलं ते. फिल्टर लावून पोझिशन 8 ते 20 मधल्या ओळी बघा. माझ्या मते अख्ख्या एसईओमधली, म्हणजे साइट शोधात वर आणायच्या खटाटोपातली, सगळ्यात स्वस्त कमाई इथे आहे. ही पानं उंबरठ्यापर्यंत आलेली असतात, त्यांना थोडा धक्का हवा असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमची सायकलवरची साइट आहे. एका पानाचं शीर्षक आहे ‘साखळी देखभाल मार्गदर्शक, भाग 2’. इम्प्रेशन 4,000, क्लिक 12. क्वेरी बघितली तर लोक विचारतायत, ‘सायकलची चेन सारखी का पडते’. बघा, ‘साखळी’ कुणी म्हणत नाहीये, ‘देखभाल’ही नाही. भाग 2 शी तर कुणाला काही देणंघेणं नाही. आणि पान उघडलं तर सुरुवातीचे तीन परिच्छेद सायकलिंगचे फायदे! चेन झिजली असेल, डिरेलरचे लिमिट स्क्रू हलले असतील, हँगर वाकला असेल, हे खरं उत्तर सहाव्या परिच्छेदात दडून बसलंय. चेन हातात घेऊन रस्त्यात उभा असलेला माणूस तिथवर कशाला जाईल?

म्हणून शीर्षकात त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत आणा. उत्तर पहिल्या चार ओळींत द्या, खुलासा नंतर. फायदे पुसून टाका, वाईट वाटलं तरी.

सरासरी पोझिशनवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. 11 दिसतंय ते मोबाइलवर 5 आणि डेस्कटॉपवर 18 असू शकतं. उपकरणाप्रमाणे वेगळं करून बघा. आणि इम्प्रेशन तेवढेच असून क्लिक घटले असतील, तर आधी ती क्वेरी स्वतः गूगलून बघा. उत्तर वरच एआय ओव्हरव्ह्यूमध्ये, म्हणजे गूगलने एआयने बनवलेल्या सारांशात, मिळत असेल तर लोक खाली उतरतच नाहीत, मग शीर्षक कितीही घासा.

एकाच क्वेरीला तुमची दोन पानं आलटूनपालटून दिसतायत? कमजोर पानातला कामाचा मजकूर चांगल्या पानात हलवा आणि जुन्या पत्त्यावरून 301 रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुन्या पत्त्यावर येणारा आपोआप नव्या पानावर जाईल. तो निदान वर्षभर तरी काढू नका.

मग आतल्या लिंका. तुमच्या जास्त वाचल्या जाणाऱ्या पानांवरून या पानाकडे लिंक द्या, पण ‘इथे क्लिक करा’ अशी नको. लिंकच्या शब्दांवरूनच पुढे काय आहे ते कळलं पाहिजे, वाचणाऱ्याला आणि गूगललाही.

वेगाबद्दल थोडक्यात. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, दाबल्यावर 200 मिलिसेकंदांत हालचाल व्हावी, पान उड्या मारू नये. नेहमीची चूक म्हणजे सगळ्यात वरच्या मोठ्या चित्रालाच लेझी लोडिंग, म्हणजे चित्र उशिरा उतरवायची सोय, लावलेलं असतं. ते काढा. बाकी वेगाच्या चाचणीतला 98 चा स्कोअर 100 करण्यात रात्री घालवू नका.

मेटा कीवर्ड्स, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवून लिहिलेली शब्दांची यादी? गूगल ते क्रमवारीसाठी वापरत नाही, हे त्यांनी 2009 मध्येच सांगितलंय. विकतच्या बॅकलिंका, म्हणजे दुसऱ्या साइटवरून पैसे देऊन घेतलेल्या लिंका? नको. पहिल्या नंबरची गॅरंटी देणारा कुणी भेटला, तर नमस्कार करून फोन ठेवा. ती गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही.

(परत कॅमेऱ्याकडे)

आज पाचच पानं निवडा. प्रत्येकात काय बदललं आणि कुठल्या तारखेला, ते वहीत लिहा. वरच्या पट्टीत पत्ता टाकला की उघडणाऱ्या इन्स्पेक्शनमधून रिक्वेस्ट इंडेक्सिंग (पान पुन्हा बघायची गूगलला विनंती) एकदाच दाबा, पुन्हापुन्हा दाबून रांग पुढे सरकत नाही. मग चार आठवडे हात लावायचा नाही. त्यानंतर परफॉर्मन्स रिपोर्टच्या कम्पेअरमध्ये आधीचे 28 दिवस आणि नंतरचे 28 दिवस समोरासमोर ठेवा. ज्या पानात काहीच हललं नसेल, त्याच्या क्वेरीचे वरचे तीन निकाल उघडा आणि ते असं काय सांगतायत जे तुम्ही सांगितलेलं नाही, ते त्याच वहीत उतरवा.