बांधावरची बाभूळ

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

हरभऱ्यात घाटेअळी दिसली की पक्षीथांबे लावा, असं आम्ही तुम्हाला सांगतो. उभ्या काठीला आडवी काठी बांधायची. त्यावर कोतवाल, साळुंक्या बसतात नि अळ्या टिपतात. असेच थांबे बघायला एका शिवारात गेलो, तर घरधनी हसले. "साहेब, बांधाला बाभळी होत्या तेव्हा पाखरांसाठी काठ्या रोवायला लागत नव्हत्या."

"मग तोडल्या कशाला?"

"वसवा पडतो हो! झाडालगतच्या चार काकऱ्या ज्वारी वर येतच नाही."

खोटं नाही ते. झाडाच्या सावलीनं नि मुळांनी लगतचं पीक खुरटतं, तोच हा वसवा. पण पूर्वी हे नुकसान भरून निघायचं. औत बाभळीचं, गाडीचं चाक बाभळीचं, शेंगा शेळ्यांना, काट्या कुंपणाला, ढलप्या चुलीला. ट्रॅक्टर आला, गॅस आला. बाभळीचं गिऱ्हाईक गेलं, वसवा तेवढा राहिला. त्यात भावाभावांच्या वाटण्या: खोड थोरल्याच्या हद्दीत, सावली धाकट्याच्या रानात. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

पण शेतकऱ्याला झाडच नको, हे मला पटत नाही. 1990 साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली, तेव्हा ह्याच लोकांनी माळावर आंबा, बोर, डाळिंब उभं केलं. फळाचा पैसा दरसाल येतो. सागाला वीस-पंचवीस वर्षं थांबायचं, आणि मग 1964 चा वृक्षतोड कायदा. साग, चिंच, जांभूळ, फणस स्वतःच्या रानातले असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. हेतू चांगलाच. पण कागदांच्या धास्तीनं बांधावर आपसूक उगवलेलं सागाचं रोप कोवळेपणीच उपटलं जातं, त्याचं काय? बांबूचं तसं नाही. 2017 साली केंद्राच्या वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेरचा बांबू 'झाडा'च्या व्याख्येतून वगळला गेला.

वसव्यावर थोडा इलाज आहे. रब्बीआधी खालच्या फांद्या छाटा, पिकाच्या बाजूनं चर काढून मुळं अडवा. हिवाळ्यात सावली उत्तरेला पडते, म्हणून झाड उत्तरेच्या बांधावर लावावं. म्हणजे शेजाऱ्याच्या डोक्यावर, असं म्हणाल! तर तिकडं ओढा किंवा रस्ता असेल तरच लावा.

निघताना बघितलं, विहिरीपाशी त्यांनी एक बाभूळ राखली होती, दुपारच्या भाकरीपुरती. कोतवाल तिच्यावरच बसला होता. थांबे रिकामे.

नमस्कार.