नाव घेऊन केलेली प्रार्थना

श्रोतेहो, प्रभूत सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की नवापूर, साक्री, नंदुरबारकडच्या खेड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. भांडीकुंडी, गोधड्या, लहान पोरं ट्रकमध्ये चढतात आणि बारडोली-सुरतेकडचा रस्ता धरतात. मागे मंडळीत, म्हणजे आपल्या गावच्या चर्चच्या समाजात, म्हातारी माणसं उरतात, रविवारी निम्म्या सतरंज्या मोकळ्या दिसतात. अशा मंडळीने पहिलं काम कोणतं करावं? माझं उत्तर आहे, प्रार्थना. सभा उघडायला आणि मिटायला करतो ती नव्हे, तर जिच्यासाठी मंडळीने आपला चांगला वेळ काढून ठेवला आहे ती.

आपल्या कमिटीच्या बैठका आठवा. कंपाउंडची भिंत, गळके पत्रे, नाताळची वर्गणी यांत रात्रीचे दहा वाजतात. मग कुणीतरी उभं राहून दोन वाक्यांत शेवट करतं. भिंत हवीच, पत्रेही बदलायला हवेत. पण बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय काढून पाहा. यरुशलेमेत विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकुर झाली. प्रेषितांनी, म्हणजे येशूने पाठवलेल्या शिष्यांनी, वाटणी थांबवली नाही. त्या कामासाठी सात चांगली माणसं नेमली आणि स्वतः प्रार्थना व वचनाची सेवा यांत तत्पर राहिले. भुकेल्याचं ताट आणि प्रार्थना, दोन्हींना माणसं मिळाली.

पुढे बाराव्या अध्यायात प्रेषित पेत्र तुरुंगात आहे. दुसरा प्रेषित याकोब, त्याला हेरोद राजाने आधीच मारलं आहे. मंडळीकडे ना ओळख, ना पैसा. ती एका घरात जमून त्या एका माणसासाठी एकाग्रतेने प्रार्थना करत राहिली. मोघम काही नाही. संकट कुणावर आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून म्हणतो, प्रार्थनेत नाव घ्या. 'सर्व आजाऱ्यांना बरं कर' हे म्हणायला सोपं. पण चिंचपाड्याच्या दवाखान्यात कोण भरती आहे, कुणाच्या कपाशीवर बोंडअळी पडली, कुणाचं पोर टोळीबरोबर गेल्याने शाळेतून सुटलं, हे मंडळीपुढे बोललं गेलं की सोमवारी त्या घरी कुणीतरी जातं. देवापुढे ज्याचं नाव घेतलं, त्याच्या दारावरून मुकाट्याने पुढे जाणं अवघड होतं.

आणि हे सगळं पाळकांवर टाकू नका. एखादी आजी डोक्यावरचा पदर सावरत, गुडघे टेकून, अहिराणीतच म्हणते, "हे बापा, मना पोर्‍याले सांभाय." तिला प्रमाण मराठीत मोठी प्रार्थना येत नाही, म्हणून ती एरवी गप्प बसते. तिला बोलू द्या. मावची, पावरी बोलणाऱ्यांनाही बोलू द्या. मुलगा परमुलखात उसाच्या फडात असलेल्या आईइतकी कळकळ आणखी कुणाकडे असणार?

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मोठी आध्यात्मिक जागृती झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याआधी कित्येक महिने तिथल्या बायका-मुली रोज प्रार्थनेला जमत होत्या, हे सांगायचं राहून जातं. त्यांतल्या पुष्कळ जणी दुष्काळातून वाचलेल्या, निराधार होत्या.

वेळेचं मात्र आपल्या गावाकडे बघून ठरवा. कापूस वेचणीत दुपारी कुणी येणार नाही. शेतीची वीज रात्रीची असेल, तर गडी माणसं पाणी भरायला गेलेली असतात. मग पहाटे जमा, नाहीतर जेवणं उरकल्यावर पाच-सहा घरांनी एका ओट्यावर बसा. अर्धा तास पुरे, पण तो मोडू नका.

यंदा टोळ्या निघायच्या आधीच्या रविवारी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचं नाव वहीत लिहून घ्या, लहान मुलांचीसुद्धा. फोन नंबर घ्या. दर आठवड्याला ती नावं मोठ्याने वाचून प्रार्थना करा, आणि त्याच रात्री एखाद्या कुटुंबाला फोन लावून सांगा की आज तुमचं नाव घेतलं. तिकडे काही अडलं असेल, तर ते विचारून पुढच्या प्रार्थनेला घेऊन या.