कार्ताहेनाच्या खाणावळीतली भेट

नमस्कार, श्रोतेहो.

आगगाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रवासी येतात. फलाट, डबे, खिडकीतून हलणारे हात. पण ब्रिटनमध्ये जी रेल्वे जन्मली, ती प्रवाशांसाठी जन्मलीच नाही. ती जन्मली कोळशासाठी आणि लोखंडासाठी. रेल्वेचं माहेर खाण. एवढं वाक्य तेवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं त्याच्या मागोमाग येतं.

वाफेच्या आधीही रूळ होते. पहिल्यांदा लाकडाचे, मग ओतीव लोखंडाचे. कोळशाच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, घोडे ओढायचे. लीड्सजवळच्या मिडलटन खाणीच्या अशाच एका मार्गासाठी 1758 साली पार्लमेंटने कायदासुद्धा केला होता. पुढे नेपोलियनशी युद्ध जुंपलं, चारा महागला, घोड्यांची चंदी परवडेनाशी झाली. खाणमालक इंजिनाकडे वळले ते या खर्चापायी.

आता तो माणूस, ज्याच्यासाठी मी आज बोलायला बसलो आहे. रिचर्ड ट्रेव्हिथिक. कॉर्नवॉलचा, खाणीवरच्या अधिकाऱ्याचा मुलगा, सहा फुटांहून उंच, अंगात अफाट ताकद. जेम्स वॉटची इंजिनं कमी दाबाच्या वाफेवर चालायची, म्हणून ती अवाढव्य असायची. त्यांच्यासाठी वेगळी इमारत बांधावी लागे. जास्त दाबाची वाफ वॉटला धोक्याची वाटायची. ट्रेव्हिथिकने नेमकी तीच वापरली. इंजिन लहान झालं, इतकं लहान की चाकांवर चढलं. 21 फेब्रुवारी 1804 रोजी दक्षिण वेल्समधल्या पेनिडॅरनच्या लोखंड कारखान्यातून त्याचं इंजिन निघालं. मागे 5 वाघिणी, त्यांत 10 टन लोखंड, आणि वर चढून बसलेली 70 माणसं. सुमारे 15 किलोमीटर अंतर 4 तास 5 मिनिटांत कापलं. इंजिन 10 टन लोखंड ओढून नेईल, अशी कारखान्याच्या मालकाने शेजारच्या कारखानदाराशी 500 गिनींची, म्हणजे सोन्याच्या नाण्यांची, पैज लावली होती, म्हणून तर हा खटाटोप! इंजिनाने आपलं काम चोख केलं. रूळ मात्र त्याच्या वजनाखाली तुटत राहिले, आणि प्रयोग तिथेच थांबला.

जाता जाता सांगतो, आपल्याकडे मुलांना अजून वॉट आणि किटलीची गोष्ट सांगतात. ती बंद करावी, असं माझं ठाम मत आहे. किटलीच्या झाकणाकडे बघून कुणी इंजिन बनवत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं हात काळे करावे लागतात, हे मुलांना लहानपणीच कळू द्या.

तर, माझी आवडती गोष्ट. 1816 साली ट्रेव्हिथिक बायकोमुलांना मागे ठेवून पेरूला गेला. तिथे उंच डोंगरात, सेरो दे पास्कोला, चांदीच्या खाणी होत्या. त्या पाण्याने भरल्या होत्या आणि पाणी उपसायला त्याची इंजिनं गेली होती. पुन्हा खाणच, बघा! पण तिकडे स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, खाणी बंद पडल्या, मिळवलेलं सगळं गेलं. तो कोस्टा रिकाला गेला. तिथे पुन्हा नव्या खाणींचे बेत आखले. पैसा मात्र नाही. शेवटी घनदाट जंगलातून, नद्या ओलांडत तो कॅरिबियन किनाऱ्यावर पोहोचला. वाटेत बुडता बुडता वाचला. 1827 साली कोलंबियातल्या कार्ताहेना बंदरात येऊन थांबला, तेव्हा खिशात घरी जाण्यापुरते पैसेही नव्हते.

त्याच बंदरातल्या एका खाणावळीत एक तरुण इंग्रज इंजिनीयर जहाजाची वाट बघत होता. वय 23. तोही कोलंबियातल्या चांदीच्या खाणीवरचं काम संपवून घरी निघालेला. त्याचं नाव रॉबर्ट स्टीफन्सन, रेल्वेचा जनक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जॉर्ज स्टीफन्सनचा मुलगा. रेल्वेचं पहिलं इंजिन बनवणारा आणि दोनच वर्षांनी रेल्वेचा सगळ्यांत गाजलेला विजय मिळवणारा, दोघे परक्या मुलखात एका छताखाली! ट्रेव्हिथिक उठून त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, तू लहान असताना मी तुला मांडीवर घेतलं आहे, असं सांगतात. ट्रेव्हिथिक पूर्वी न्यूकॅसलच्या बाजूला येऊन गेला होता, त्यामुळे ते शक्यही आहे. रॉबर्टने त्याला प्रवासासाठी 50 पौंड दिले. श्रोतेहो, 50 पौंड, त्या काळचे.

ट्रेव्हिथिक घरी पोहोचला तेव्हा अंगावरच्या कपड्यांखेरीज जवळ काय होतं? एक सोन्याचं घड्याळ, आकृत्या काढायचा कंपास, एक होकायंत्र आणि घोडेस्वाराच्या टाचांना बांधायच्या चांदीच्या आऱ्यांची जोडी. 11 वर्षांची एवढीच कमाई. रॉबर्टचं जहाज न्यूयॉर्कजवळ फुटलं, तरी तो सुखरूप घरी पोहोचला. 1829 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या रेनहिलला इंजिनांची स्पर्धा झाली, तिच्यात त्याचं 'रॉकेट' इंजिन ताशी 47 किलोमीटरच्या आसपास धावलं आणि 500 पौंडांचं बक्षीस त्याला मिळालं. ट्रेव्हिथिक 1833 साली डार्टफर्डला वारला. अंत्यविधीचा खर्च, तो काम करत होता त्या कारखान्यातल्या सोबत्यांनी वर्गणी काढून केला.

स्टीफन्सन बापलेकांचं मोठेपण मला कमी करायचं नाही. पण शाळेच्या पुस्तकात त्यांच्या आधी ट्रेव्हिथिकचं नाव यायलाच हवं.

हाच रॉबर्ट पुढे आपल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार इंजिनीयर झाला. त्याच्या कचेरीत काम केलेला जेम्स बर्कले मुंबईला आला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, ती लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीच्या इंजिनांवर. नंतर बोरघाट फोडण्यात हजारो मजूर दगावले. त्यांच्यासाठी तर कुणी वर्गणीही काढली नाही. तो विषय स्वतंत्र कार्यक्रमाचा आहे आणि तो व्हायला हवा.

पुन्हा माहेराकडे येतो. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफ 11 ऑगस्ट 1968 रोजी संपली. पण खाणींच्या आणि कारखान्यांच्या आवारात पाठीवर पाण्याची टाकी घेतलेली बुटकी इंजिनं त्यानंतरही वाघिणी ढकलत होती. कोळसा दारातच होता आणि इंजिनं दणकट होती. मग ती का मोडीत काढायची? लीड्सच्या हन्स्लेटने, ब्रिस्टलच्या पेकेटने अशी कितीतरी बनवली. काचेआडच्या चकचकीत इंजिनापेक्षा मला ही तेलकट, चालती इंजिनं फार जवळची वाटतात.

तुमचा मुलगा, भाची, कुणी लीड्सच्या बाजूला शिकायला किंवा नोकरीला असेल, तर त्यांना मिडलटन रेल्वे बघायला सांगा. 1758 च्या कायद्यातली तीच. 1812 साली तिथे मॅथ्यू मरेची इंजिनं दातेरी रुळावर कोळसा ओढू लागली, आणि 1960 पासून स्वयंसेवक ही रेल्वे चालवत आहेत. मार्ग छोटासा आहे, तेव्हा घाईने परतू नका म्हणावं. इंजिन चालवणाऱ्याशी दोन शब्द बोला, त्याला बॉयलरबद्दल विचारा. वेळ काढून तो सगळं समजावून सांगेल.