पट्टा थांबवायचा कुणी?

श्रोतेहो, नमस्कार.

मटार निवडायच्या पट्ट्यावर उभं राहिलं की पहिल्या आठवड्यात एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांनाच होते. जेवणाची सुट्टी होते, पट्टा थांबतो, आणि समोरचं टेबल उलट्या दिशेला वाहायला लागतं. ते जागचं हललेलं नाही हे आपल्याला माहीत असतं, पण डोळे ऐकत नाहीत. नव्या मुली भिंतीला धरून उभ्या राहतात. कुणाला मळमळतं, कुणी बाहेर जाऊन उलटी करून येते. जुन्या बायका सांगतात, "डोळे मीट आणि दहापर्यंत मोज." मलाही पहिल्या दिवशी असंच सांगितलं होतं. पुढे चौदा वर्षं मी ते नव्या येणाऱ्यांना सांगत राहिले.

गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात ही चौदा वर्षं गेली. पहिली सहा कंत्राटदाराच्या हजेरीवर, नंतरची आठ कायम कामगार म्हणून, युनियनची सभासद म्हणून. आज बोलायचं आहे ते या दोन हजेऱ्यांमधल्या फरकाविषयी. तो फरक पगाराचा आहेच. पण त्याहून मोठा फरक असा, की पट्ट्यावर काही चुकीचं दिसलं तर पट्टा थांबवायची हिंमत कोणाला होते आणि कोणाला होत नाही.

आधी काम कसं असतं ते सांगते. मालाला थंड ठेवायचं म्हणून हॉल थंड. दर पाळीला सगळं धुवायचं म्हणून फरशी कायम ओली. शेंगेतून सुटलेला दाणा काही तासांत गोठवला नाही तर त्यातली साखर कमी होत जाते, गोडी जाते, म्हणून सतत घाई. हंगाम थोड्या आठवड्यांचा, आणि त्या दिवसांत आठ तासांची पाळी बारा तासांची होते. यंत्रांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, सगळं खुणेवर चालतं. लघवीला जायचं तर मुकादमाकडे बोट वर करायचं आणि तो बदली माणूस देईपर्यंत थांबायचं. कित्येक बायका पाळी सुरू व्हायच्या आधीपासून पाणीच पीत नाहीत. मीही पीत नसे. त्याचं मूत्रपिंडावर काय होतं ते मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं.

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग यायची. अंथरुणात बसून हात झटकायचा, मग थोडा वेळ झोप. मांस कापणाऱ्या कारखान्यांत तर हे घरोघरीचं दुखणं आहे. तिथे एकाच पाळीत एकच काप हजारो वेळा मारावा लागतो, आणि सुरी बोथट असली की सगळा जोर मनगटावर येतो. पावाच्या भट्ट्यांमध्ये पिठाची धूळ छातीत जाते. पाव भाजणाऱ्यांचा खोकला आणि दम लागणं याविषयी इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली लिहून ठेवलं आहे. मोठ्या शीतगृहांत नळ्यांमधून अमोनिया फिरत असतो, आणि एखादा सांधा सुटला तर आत असलेल्याला बाहेर पडायला फार वेळ मिळत नाही.

आता एक छोटीशी वस्तू सांगते, कारण माझ्या मनात हा सगळा विषय तिच्यापाशीच येऊन थांबतो. आमच्याकडे बोट कापलं की निळी पट्टी मिळते. निळी का, तर निळ्या रंगाचं खाणं जवळजवळ नसतंच, त्यामुळे ती पट्टी मालात पडली तर पटकन दिसते. आणि तिच्या आत धातूची एक पातळ चकती असते, म्हणजे डोळ्यांनी नाही दिसली तरी शेवटच्या यंत्रात धातू सापडतो आणि ते पाकीट बाजूला पडतं. पट्टी देताना वहीत नोंद होते, पाळी संपल्यावर परत दाखवावी लागते. ही व्यवस्था उत्तम आहे. तुमच्या ताटात कुणाची पट्टी येऊ नये हे अगदी बरोबर आहे. पण माझ्या कंत्राटी सहा वर्षांत बोट कसं कापलं, कुठल्या पात्याने, तिथे याआधी किती जणींचं कापलं, याची वही नव्हती. पट्टी हरवली तर शोधाशोध व्हायची, आणि बोट बिघडलं तर दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसरी बाई उभी असायची.

ही गोष्ट एका कारखान्याची नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ हे असंच चालत आलं आहे. न्यूयॉर्क राज्यात १८९५ साली पाव भट्ट्यांचा एक कायदा झाला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, भट्टीची जागा स्वच्छ हवी, तळघरात सांडपाणी नको. दुसरी, कामगाराला दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९०५ साली पाच विरुद्ध चार मतांनी तासांची मर्यादा रद्द झाली आणि स्वच्छतेचे नियम राहिले. पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या कामगारांची दैना एका कादंबरीतून लोकांपुढे आली. लोक खवळले ते मांस घाण आहे म्हणून. त्यातून मांस तपासणीचा कायदा झाला. ज्यांची दैना वाचून हे सगळं सुरू झालं त्यांच्यासाठी त्यात काही नव्हतं.

हे जुनं झालं असं कुणी म्हणेल. मग ३ सप्टेंबर १९९१ चा दिवस आठवू या. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात हॅम्लेट नावाचं गाव आहे. तिथल्या कोंबडी तळून पाकिटं भरणाऱ्या कारखान्यात तेलाच्या मोठ्या कढईजवळ आग लागली. बाहेर जायच्या दारांना कुलपं होती. कोंबडीची चोरी होते म्हणून लावलेली. २५ माणसं गेली. हा कारखाना ११ वर्षं चालू होता. कोंबडीचं मांस तपासायला सरकारी निरीक्षक नेहमी येत होता. कामगारांच्या सुरक्षेची तपासणी करायला त्या ११ वर्षांत एकदाही कुणी आलं नव्हतं. तिथे युनियनही नव्हती. कुलूप आतल्या माणसांना दिसत होतं, पण ते काढा असं म्हणायला कुणाच्या पाठीशी कुणी नव्हतं. त्यानंतर ३० वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, बांगलादेशात रूपगंज इथे सरबतं आणि खाऊ बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. जिन्याचं दार बंद होतं. ५० हून अधिक जीव गेले आणि त्यात लहान मुलंसुद्धा होती.

श्रोतेहो, मला वाईट वाटतं ते याचं, की खाणाऱ्याची काळजी आणि करणाऱ्याची काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण धरूनच चालतो. त्या वेगळ्या नाहीत. मायक्रोवेव्हमध्ये फुलवायच्या मक्याच्या लाह्यांना लोण्याचा वास येतो, तो बऱ्याचदा डायअॅसिटिल नावाच्या रसायनाचा असायचा. सन २००० मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात एका डॉक्टरच्या लक्षात आलं, की अशाच एका कारखान्यातल्या आठ माजी कामगारांना फुप्फुसाचा एकच दुर्मीळ रोग झाला आहे. बारीक श्वासनलिका आतून कायमच्या आवळल्या जातात, तो रोग. गरम तेलात हा स्वाद मिसळायच्या टाकीजवळ उभं राहणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला. आणि प्रतवारी तपासायला दिवसभर पाकिटं फोडून बघणाऱ्यांनाही झाला. खाणाऱ्याच्या पोटाला ते चालतं का हे पाहिलेलं होतं. टाकीवर वाकणाऱ्याच्या छातीला चालतं का हे कुणी पाहिलं नव्हतं. पुढे उद्योगाने ते रसायन बऱ्याच ठिकाणी काढून टाकलं, पण त्यासाठी आधी माणसांचा श्वास गेला.

वेगाचंही तसंच आहे. अमेरिकेत डुकराच्या मांसाच्या कारखान्यात तासाला जास्तीत जास्त १,१०६ जनावरं अशी मर्यादा होती. म्हणजे साधारण सव्वातीन सेकंदाला एक. २०१९ साली सरकारने नव्या पद्धतीने तपासणी घेणाऱ्या कारखान्यांसाठी ती मर्यादाच उठवली. कामगारांच्या इजेचं काय, असं विचारल्यावर शेती खात्याचं उत्तर होतं, तो आमच्या अखत्यारीतला विषय नाही. युनायटेड फूड अँड कमर्शियल वर्कर्स ही युनियन न्यायालयात गेली. मार्च २०२१ मध्ये मिनेसोटातल्या न्यायालयाने वेग मोकळा करणारा तो भाग रद्द केला, कारण कामगारांच्या सुरक्षेचा मुद्दा समोर आलेला असूनही खात्याने तो विचारातच घेतला नव्हता. एकेकट्या कामगाराने हे कसं केलं असतं, सांगा. वकील, कागद, आकडे, वर्षभराचा धीर, एवढं सगळं उभं करायला संघटनाच लागते.

कंत्राटी पद्धतीबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण हंगामी धंद्यात सगळी कीड तिथेच आहे. जून २०२० मध्ये जर्मनीत ग्युटर्सलोजवळच्या एका मोठ्या मांस कारखान्यात १,५०० हून अधिक कामगारांना करोना झाला. त्यातले बरेच जण रोमानिया, बल्गेरिया, पोलंडहून आलेले, कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडे कामाला, एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारे. त्यांचा मालक कोण, हे विचारलं तर बोट दुसऱ्याकडे दाखवलं जायचं. एनजीजी ही तिथली अन्न कामगारांची युनियन कित्येक वर्षं सांगत होती, की हे बंद करा. साथीमुळे ते सगळ्यांना दिसलं. १ जानेवारी २०२१ पासून तिथे कायदा लागू झाला, की छोटी दुकानं सोडून इतर ठिकाणी कत्तल आणि मांस कापण्याच्या कामाला कंत्राटदाराची माणसं चालणार नाहीत, कारखान्याने ती स्वतःच्या पटावर घ्यायची. त्याच वर्षी थोड्या थोड्या वेळाचे संप करून एनजीजीने उद्योगभराच्या किमान वेतनाचा करारही मिळवला.

आपल्या लोकांच्या चुकाही सांगायला हव्यात. युनियननेच कंत्राटी माणसाला, बाईला, परक्या भाषेच्या माणसाला दाराबाहेर ठेवल्याचे प्रसंग कमी नाहीत. आमच्याही युनियनने मला सहा वर्षं विचारलं नव्हतं. सभेला आम्ही कुंपणापाशी उभ्या राहायचो. शिकागोच्या कत्तलखान्यांत १९०४ चा संप मोडला आणि १९२१-२२ चाही मोडला, कारण काळा-गोरा आणि भाषा-भाषा यांत कामगार वाटले गेले होते. तिथली युनियन खऱ्या अर्थाने उभी राहिली ती १९३० च्या दशकात, काळे आणि गोरे कामगार एका खोलीत बसले तेव्हा. आणि त्यांच्या लक्षात आलं, की ज्या घाईने आपल्याला पिळलं जातं तीच आपली ताकद आहे. कारण माल नासतो. कोळशाचा ढीग महिनाभर पडून राहील, पण मांस, दूध किंवा मटार पडून राहत नाहीत. सगळ्यांनी मिळून दहा मिनिटं हात थांबवले तरी वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली येतं.

हे हत्यार जपून वापरायचं असतं. मला युनियनमध्ये ज्याचं मोल वाटलं ते अगदी साध्या गोष्टींचं होतं. दर ओळीला एक बदली बाई नेमलेली हवी, म्हणजे लघवीला जाताना मिनतवारी नको. पातं कुठल्या तारखेला बदललं हे पाटीवर लिहायचं. सुरक्षा समितीवर आमचा माणूस आम्ही निवडायचा, व्यवस्थापनाने नेमायचा नाही. इजेची वही समितीपुढे उघडायची. आणि एक कलम, ज्यासाठी दोन हंगाम बोलणी चालली. पट्ट्यावरचं लाल बटण कुणीही दाबलं, कायम असो की कंत्राटी, तरी त्या दिवशी त्या माणसाला जाब विचारायचा नाही. विचारायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी, समितीच्या माणसासमोर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या करारात असं आहे, की जिवाला किंवा तब्येतीला लगेच मोठा धोका आहे असं वाजवी कारणाने वाटलं आणि कामगार कामावरून बाजूला झाला तर त्याला शिक्षा करता येत नाही. आमच्या समितीतल्या एका मावशींनी तो उतारा उतरवून आणला होता आणि बैठकीत मोठ्याने वाचला होता.

हे कलम येण्याच्या तीन वर्षं आधी, मी कंत्राटी असताना, एकदा पट्ट्याच्या वरच्या नळीच्या दिव्याची काच तडकली. तिला कव्हर होतं, पण ते एका कडेला सुटलेलं. बारीक काच मटारात पडताना मी पाहिली. शेजारणीने पाहिली. लाल बटण माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. आदल्या हंगामात बटण दाबणाऱ्या एका मुलीचं नाव दुसऱ्या दिवशी हजेरीत नव्हतं, हे दोघींनाही आठवलं. मी मुकादमाला खूण केली. तो हॉलच्या दुसऱ्या टोकाला होता. तो येईपर्यंत मटार पुढे जात राहिले आणि मी दोन्ही हातांनी जमेल तेवढे ओढून खाली पाडत राहिले. तो माल नंतर अडवला, फेकला. पण ती मिनिटं मला आजही झोपेत येतात.

कलम झाल्यावरच्या पहिल्याच हंगामात एका नव्या मुलीच्या निळ्या हातमोज्याचं टोक फाटलं. बोटाच्या पेराएवढा तुकडा, गेला मटारात. हातमोज्यात धातू नसतो, यंत्राला तो सापडत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. ती कंत्राटी होती, कामावर येऊन नऊ दिवस झालेले. मी मानेने खूण केली आणि तिने बटण दाबलं.

पट्टा थांबला आणि टेबल उलटं वाहायला लागलं. ती माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. सुपरवायझर धावत आला, काय झालं म्हणाला, तिने फाटका हातमोजा वर केला. चौघींनी मिळून बाविसाव्या मिनिटाला तो तुकडा शोधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम तिच्याबरोबर हजेरीच्या खिडकीपाशी उभी राहिले. मुकादमाने यादी वाचली. तिचं नाव सातवं होतं.

नमस्कार.