पीकराखणीची बंदूक आणि कायदा

ठासणीची बंदूक कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील काही शेतकरी घरांत आजही आढळते. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तिच्यावर कापडाचा बोळा गजाने ठासून बसवायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी मागच्या टोकाला केप, म्हणजे स्फोटक टोपी चढवायची, जिच्यावर घोडा आपटला की बार उडतो. एवढे सगळे होईपर्यंत भातात शिरलेला डुकरांचा कळप बहुधा बांध ओलांडून गेलेला असतो. त्यामुळे जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात रात्री माळ्यावर बसणाऱ्या राखणदाराला या बंदुकीचा उपयोग नेम साधण्यापेक्षा आवाजासाठीच अधिक होतो.

अलीकडे मात्र परवानाधारकांच्या बोलण्यात अमेरिकेचे दाखले वारंवार येतात, कारण तिथल्या न्यायालयांच्या बातम्या आता प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचतात. तिथल्या राज्यघटनेत १७९१ साली शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी दुरुस्ती समाविष्ट झाली. घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणे हा व्यक्तीचा हक्क असल्याचा निर्वाळा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला, आणि घराबाहेर शस्त्र नेण्यासाठी खास कारण दाखवण्याची न्यूयॉर्क राज्याची अट २०२२ मध्ये रद्द केली. त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये, कौटुंबिक हिंसाचारासाठी मनाई हुकूम झालेल्या माणसाचे शस्त्र काढून घेणे वैध ठरवले. हा तिसरा निकाल आपल्याकडच्या चर्चेत सहसा कोणी सांगत नाही, हे नोंदवून ठेवलेले बरे.

भारतात तसा मूलभूत हक्क नाही, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना अमेरिकेशी असलेला हा फरक स्पष्ट शब्दांत मांडला. तो हक्क कोणी मागितलाच नव्हता असे मात्र नाही. १८५७ च्या निःशस्त्रीकरण कायद्यानुसार हत्यारे जमा करायला नकार देणाऱ्या हलगलीच्या बेडरांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्रजांशी झुंज दिली आणि त्यांच्यापैकी अनेकांना फाशी झाली. आज बागलकोट जिल्ह्यात असलेले हे गाव बेळगाव भागाला परके नाही. पुढे १८७८ चा शस्त्र कायदा आला, तेव्हा हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि युरोपियनाला सूट हा भेद सुशिक्षितांना फार बोचला. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला होता. डिसेंबर १९४८ मध्ये एच. व्ही. कामत यांनी संविधान सभेत त्यासाठी दुरुस्ती सुचवली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली.

मग शेतकऱ्याच्या हाती उरले काय? उरला तो १९५९ चा शस्त्र कायदा, आणि तो जितका वाचला जायला हवा तितका वाचला जात नाही. त्याच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला अधिकाऱ्याने परवाना द्यावा, अशी आज्ञार्थी भाषा आहे. तेवढ्या बंदुकीने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देण्याचीही मुभा आहे. हा परवाना कलम १४ मधील नकाराच्या कारणांना अधीन असला, तरी केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून अर्ज नाकारता येत नाही, आणि नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर जगणाऱ्या माणसासाठी या दोन ओळी अमेरिकेतील कोणत्याही निकालापेक्षा अधिक कामाच्या आहेत.

खानापुरात मात्र या आज्ञेच्या वाटेत दुसरा कायदा उभा राहतो. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या परिघात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही. आधीपासून शस्त्र असलेल्यांनाही नोंदणी करावी लागते. म्हणजे जिथे जनावरांचा उपद्रव सर्वांत जास्त, तिथेच बंदूक मिळणे सर्वांत अवघड. कायद्याचा हेतू शिकारीला आळा घालण्याचा आहे आणि तो योग्यच आहे, परंतु ज्याचे उभे भात एका रात्रीत आडवे झाले त्याला हा हेतू समजावून सांगण्याचे काम कोणत्याच खात्याने मनावर घेतलेले नाही.

परवाना हाती आला तरी जनावरावर गोळी झाडण्याची परवानगी त्यात आपोआप येत नाही. उभ्या पिकाला धोका ठरलेल्या रानडुकराबाबत वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली वनाधिकाऱ्याचा लेखी आदेश मिळू शकतो. गवा आणि हत्ती त्या कायद्याच्या सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे पिकाची नासाडी हे कारण तिथे पुरत नाही.

हद्दीचा प्रश्नही इथे वेगळाच आहे. परवान्यावर क्षेत्राचा रकाना असतो, म्हणून ज्याचे एक शेत बेळगाव तालुक्यात आणि दुसरे चंदगड तालुक्यात आहे, त्याने तो रकाना वाचल्याशिवाय बंदूक पलीकडे नेऊ नये. डुकरांना कर्नाटक-महाराष्ट्र वाद ठाऊक नसला तरी पोलिसांना तो चांगला ठाऊक आहे.

निवडणूक आली की सगळ्यांनीच बंदुका ठाण्यात जमा करायच्या, अशी समजूत गावोगाव आहे. प्रत्यक्षात मुंबई उच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणानंतर निवडणूक आयोगाने २००९ मध्ये छाननी समितीची पद्धत घालून दिली, आणि जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले किंवा दंगलीत गुंतलेले परवानाधारक तपासून मग निर्णय घ्यावा असे सांगितले. बेळगावचे मतदान ७ मे २०२४ रोजी झाले, म्हणजे नेमके फणस पिकण्याच्या सुमारास, जेव्हा रानातली जनावरे वस्तीकडे वळतात.

कोडगूतील (कूर्गमधील) कोडव समाजाला आणि जम्मा या वंशपरंपरागत जमिनींच्या धारकांना परवान्यातून सूट आहे, मग आम्हाला का नाही, असा सवाल इथे हटकून निघतो. ही सूट केंद्र सरकारने २०२९ पर्यंत वाढवली असून कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती कायम ठेवली, पण त्यामागे त्या समाजाच्या जुन्या शस्त्रपरंपरेचा आधार आहे. खानापूरच्या पीकराखणीला त्या निकालाचा फारसा टेकू मिळणार नाही.

अर्ज फेटाळला गेल्यास पहिली गोष्ट मागायची ती आदेशाची प्रत. कागद कन्नडमध्ये असेल तर तो जाणकाराकडून वाचून घ्यावा, आणि त्यात कारण लिहिले आहे की नुसता शेरा मारला आहे, हे पाहावे. त्यावर शस्त्र कायद्याच्या कलम १८ खाली मुदतीत अपील करता येते. तिथेही दाद लागली नाही तर कर्नाटक उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ आहे, जे २००८ पासून सुरू झाले आणि २०१३ मध्ये कायम झाले. त्याआधी याच कामासाठी बेळगावच्या माणसाला बेंगळुरू गाठावे लागत असे.