ठिणगीच्या आधी गेट: सॉलिड स्टेट टेस्ला कॉइलची जुळणी आणि चाचणी

[दृश्य: सेकंडरी, अगदी जवळून]

टेस्ला कॉइल म्हणजे उच्च वारंवारतेचे प्रचंड व्होल्टेज तयार करून हवेत ठिणग्या सोडणारा ट्रान्सफॉर्मर. सेकंडरी हे त्याचे ठिणगी देणारे वेटोळे: ७५ मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप. त्यावर ३०० मिलिमीटर लांबीत पाव मिलिमीटर जाडीची इनॅमल तार, साधारण १,०५० वेढे. म्हणजे जवळपास अडीचशे मीटर तार. एखादा वेढा दुसऱ्यावर चढला, तर पुढे ठिणगी नेमकी तिथूनच फुटते. म्हणून चढलेला वेढा दिसला की उलगडून पुन्हा घालायचा आणि शेवटी वार्निशचे दोन-तीन हात द्यायचे.

वर २०० मिलिमीटरची अॅल्युमिनियमची कडी बसवली की अनुनाद वारंवारता, म्हणजे सेकंडरी ज्या वारंवारतेला सर्वाधिक प्रतिसाद देते ती, ३०० किलोहर्ट्झच्या आसपास येते. कडी काढली तर ती ५०० कडे सरकते.

[दृश्य: सर्किट बोर्ड]

जुन्या पद्धतीत स्पार्क गॅप (ठिणगीची फट) जे काम करायचा, ते इथे हाफ ब्रिजमधले, म्हणजे आळीपाळीने चालू होणाऱ्या जोडीतले, दोन मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) करतात, उदाहरणार्थ आयआरएफपी ४६०. वारंवारता हाताने जुळवावी लागत नाही. शेजारची वीतभर तारेची अँटेना सेकंडरीचा सिग्नल पकडते, ७४एचसी१४ ही आयसी त्याची चौकोनी लाट करते आणि यूसीसी ३७३२१ व ३७३२२ ही ड्रायव्हरची जोडी ती गेट ट्रान्सफॉर्मरला देते. हा ट्रान्सफॉर्मर ती मॉसफेटच्या गेटपर्यंत, म्हणजे त्यांना चालू-बंद करणाऱ्या टोकापर्यंत, पोहोचवतो. अँटेनाच्या इनपुटवर दोन १एन४१४८ डायोड हवेतच, नाहीतर पहिला बळी त्या आयसीचा.

बहुतेक कॉइल मरतात त्या गेट ट्रान्सफॉर्मरपाशी. संगणकाच्या जुन्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग दिसायला छान, पण ती लोहचूर्णाची, इथे निरुपयोगी. जास्त पर्मिअॅबिलिटीची (चुंबकीय क्षेत्र सहज वाहून नेणारी) फेराइट रिंगच लागते. तीन तारा एकत्र पिळून तिच्यावर १२ वेढे घालायचे. एक तार ड्रायव्हरला, तीही १ मायक्रोफॅरड कपॅसिटर मध्ये घेऊन. उरलेल्या दोन तारा दोन गेटना, एकमेकींच्या उलट. त्या सुलट लागल्या, तर दोन्ही मॉसफेट एकदम चालू होतात आणि सरळ शॉर्ट बसतो.

[दृश्य: ऑसिलोस्कोपचा पडदा]

म्हणून पहिली चाचणी ब्रिजला पुरवठा न देताच. अँटेनाच्या जागी फंक्शन जनरेटरमधून ३०० किलोहर्ट्झ द्यायचे आणि दोन्ही गेट पाहायचे. चौकोनी लाट, जवळपास १२ व्होल्ट, एक वर तेव्हा दुसरी खाली. कडांवर थरथर दिसली तर गेटच्या तारा आखूड करा, ५ ते १० ओहमचा रोध घाला. ही लाट सुधारल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

मग प्रायमरी, म्हणजे ब्रिजला जोडलेले खालचे वेटोळे: १०० मिलिमीटर व्यासाचे आठ-दहा वेढे, जाड इन्सुलेशनच्या तारेचे. मेन्सपासून वेगळ्या केलेल्या ३० व्होल्ट डीसी पुरवठ्यावर, अँटेना जवळ आणून सुरुवात करायची. काहीच हालचाल नसेल, तर प्रायमरीची दोन टोके अदलाबदल करून पाहा. फीडबॅक (अँटेनातून परत येणारा सिग्नल) उलटा असणे, हे सगळ्यात नेहमीचे कारण.

[दृश्य: डिमरस्टॅट, मालिकेत जोडलेला दिवा]

मेन्सवर (घरातल्या विजेवर) जाताना १०० वॉटचा तापदीप बल्ब मालिकेत आणि डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) शून्यापासून. बल्ब झगझगीत पेटला की थांबा. ब्रिजमध्ये दोष आहे. इंटरप्टर (कॉइल थोड्या थोड्या वेळापुरती चालू करणारे सर्किट) सुरुवातीला १०० मायक्रोसेकंद चालू, सेकंदाला १०० वेळा. ठिणग्या कडीऐवजी सेकंडरीच्या अंगावरून पळू लागल्या, तर कपलिंग (प्रायमरी-सेकंडरीची चुंबकीय जोडणी) जास्त झाले आहे. सेकंडरी दोनेक सेंटिमीटर वर उचला.

डिमरस्टॅट मेन्सपासून वेगळेपणा देत नाही. त्यामुळे ब्रिजवर ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप लावायची, तर आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा. सेकंडरीचे खालचे टोक स्वतंत्र अर्थिंगला, घराच्या अर्थिंगला नाही. ठिणगीला बोट लावू नये: धक्का जाणवला नाही तरी उच्च वारंवारतेमुळे कातडी आतून भाजते. पेसमेकर असलेल्याने त्या खोलीत थांबूच नये.

पूर्ण व्होल्टेजला फिल्टर कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट असतात. ४७० मायक्रोफॅरडला ४७ किलोओहम, ५ वॉटचा रोध समांतर जोडला, तर बंद केल्यावर तो रिकामा व्हायला दोन मिनिटे लागतात. तरीही हात घालण्याआधी मल्टीमीटर लावून पाहायचेच.